अक्काचं लिंबाचं तेल

निवृत्त कारकुनाच्या घरी दोन गोष्टी साठत जातात. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि ऑफिसच्या दिवसांतले किस्से. बाटल्या बायको दर दिवाळीला भंगारवाल्याला देऊन टाकते. किस्से भंगारवाला घेत नाही, म्हणून ते तुमच्यासारख्यांना ऐकावे लागतात. बसा, चहा येतोच आहे.

हे सगळे लातूरच्या एकाच क्वार्टरच्या ओळीतले आहेत. जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. नवा जिल्हा म्हणजे बोर्ड नवे, खुर्च्या जुन्या आणि माणसं दुसरीकडून आणलेली. मी धर्माबादकडचा. माझ्या शेजारी उदगीरचे काशिनाथअप्पा, रेकॉर्डला. त्यांच्या पलीकडे जीपचे ड्रायव्हर करीमभाई, नांदेडचे. सगळे आपापल्या तारखेला रुजू झाले. पाऊस तेवढा रुजू व्हायचा राहिला.

अप्पांची बायको महादेवी. तिला सगळी ओळ अक्का म्हणायची, तिच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तिचं सासर उदगीरला. आडतीचं दुकान, दिरांची कुटुंबं, माजघरापर्यंत रचलेली धान्याची पोती आणि या सगळ्यांवर अव्वा, म्हणजे अप्पांच्या आई. त्या घरात आमटीत मीठ किती पडावं हे अव्वा ठरवायच्या. सुनेनं फक्त ढवळायचं. अक्कानं लग्नानंतरची सगळी वर्षं ढवळण्यात काढली होती. लातूरला दोन खोल्या मिळाल्या तेव्हा ती माझ्या बायकोला म्हणाली, "वहिनी, ही चूल माझी हाय. भाजी करपली तरी माझीच करपंल!"

पण उदगीरहून येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर अव्वांचा निरोप यायचा. मुलानं बदली करून घ्यावी, आणि सून त्याच्या आधी पाठवून द्यावी. अप्पा कुणालाच नाही म्हणत नसत. त्यांनी बदलीचा अर्ज दिला होता आणि बायकोलाही "बघू" म्हटलं होतं. अक्काचं सगळं त्या "बघू"वर उभं होतं. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

* * *

नव्या जिल्ह्याला काहीतरी करून दाखवायचं असतं. आमच्या साहेबांनी महिलांसाठी घरगुती वस्तूंचं प्रशिक्षण काढलं. लिंबू, मोसंबी, संत्र्याच्या सालीचं तेल काढायचं आणि ते घालून साबण, फिनेल, केसांचं तेल, ओठांचं मलम करायचं. शिकवायला नागपूरच्या एक बाई आल्या. नागपूरकडचं माणूस सालीला कचरा समजत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

बाईंनी फळ्यावर पहिली पायरी लिहिली. साली भरपूर स्वच्छ पाण्यात धुवून घ्याव्यात. मग पाणी बदलावं. मग पुन्हा धुवाव्यात.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या दिवशी टँकर आलेला नव्हता. आदल्या दिवशी आला होता तो आमच्या ओळीच्या अलीकडेच रिकामा झाला होता.

शेवटी अक्का उठली. "बाई, एवढं पाणी असतं तर आम्ही आधी अंघोळ केली असती!"

बाईंनी फळा पुसला. कोरड्यानंच.

* * *

अक्काला मात्र नाद लागला. घरचा जुना प्रेशर कुकर, त्याच्या शिट्टीच्या जागी तांब्याची नळी, नळी गार राहावी म्हणून पाण्याची बादली. कुकरात साली उकळायच्या, वाफ नळीतून यायची, थेंब थेंब बाटलीत पडायचे. बाटलीत पाणी खाली, तेल वर. सरबताच्या गाड्यांवरून ती साली गोळा करायची. गाडेवाले आधी हसले. मग त्यांनी साली राखून ठेवायला सुरुवात केली.

तिचं पहिलं गिऱ्हाईक आमचं ऑफिस. फरशी पुसायचं फिनेल तिच्याकडून घ्यायचं ठरलं. पहिल्याच दिवशी सगळा व्हरांडा लिंबानं घमघमला.

शिरूर अनंतपाळकडचे एक म्हातारबाबा काही कामाला आले होते. काम झालं तरी बाकावरून उठेनात. दुपार झाली. मी विचारलं, "बाबा, अजून काही राहिलंय का?"

ते हळूच म्हणाले, "सरबत कुणीकडं वाटायलेत?"

मी सांगितलं, की हा वास सरबताचा नाही, फरशीचा आहे. त्यांनी फरशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काठी उचलली.

"लई चांगलं," म्हणाले. "फरशीला लिंबू अन् माणसाला पाणी न्हाई!"

मी त्यांना माझ्या तांब्यातलं पाणी दिलं. त्यांनी अर्धंच घेतलं आणि उरलेलं परत केलं. त्या वर्षी पाणी पिण्याची रीतच तशी झाली होती.

* * *

आमच्या एका शिपायाच्या पाहुण्यांची मोसंबीची बाग होती. विहीर आटली आणि झाडं उभ्या जागी वाळायला लागली. फळं गोटीएवढी राहिली. विकायला न्यावीत तर कुणी घेईना. शिपायानं पोतं भरून अक्काच्या दारात आणून टाकलं. रस नव्हताच, पण सालीत तेल होतं. झाड मरायला लागलं की कुठं काय वाचवून ठेवतं कोण जाणे.

अक्कानं त्या सालींच्या तेलाचा साबण केला आणि एक वडी बागवाल्यांना पाठवली. दोन-चार दिवसांनी ते स्वतः आले. उंच, धिप्पाड माणूस, हातात ती साबणाची वडी. वापरलेली नव्हती. अप्पांना वाटलं, भांडायला आले.

"ताई," ते म्हणाले, "हा वास फुलाचा न्हाई, सालीचा हाय."

"हाव," अक्का म्हणाली. "सालीचाच. फुलाचा काढायला जमत न्हाई."

"बरं झालं," ते म्हणाले. "फुलाचा असता तर बागेचा बहर आठवला असता, मला घरात ठेवता आला नसता."

चहा न घेताच गेले. जाताना आणखी एक वडी मागून नेली.

* * *

आता जरा करीमभाईंकडे वळू. त्यांच्या जीपवर मागं उस्मानाबाद असं लिहिलेलं होतं, कारण जीपसुद्धा जुन्या जिल्ह्यातूनच आली होती. नवा जिल्हा झाल्यावर एका रंगाऱ्यानं त्यावर हात मारून वर लातूर लिहिलं. रंगारी स्वस्तातला होता.

एकदा मोठे साहेब पाहणीला येणार होते. करीमभाईंना जीप चकाकायला हवी होती. धुवायला पाणी नाही. त्यांच्या बायकोनं, रझियाआपानं, अक्काकडून मोसंबीच्या तेलाची बाटली आणली. फरशीला चार थेंब पुरतात असं अक्कानं बजावलं होतं. करीमभाईंनी विचार केला, जीप फरशीपेक्षा मोठी आहे. त्यांनी सगळी बाटली फडक्यावर ओतली आणि मनापासून घासलं.

या तेलानं चिकट डाग जातात, तसा कच्चा रंगही जातो, हे आम्हाला तेव्हा समजलं. मोठे साहेब जीपच्या मागून चालत आले आणि थांबले. लातूर पुसलं गेलं होतं. खालून उस्मानाबाद स्वच्छ वर आलं होतं, अगदी चकाकत!

"हे काय आहे?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

आमचे साहेब पांढरे पडले. करीमभाई फडकं हातात धरून सावधान उभे राहिले. "साहब, गाडी को पुराना घर याद आया."

मोठे साहेब हसले म्हणून निभावलं. संध्याकाळी हा किस्सा ओळीत सांगितला गेला तेव्हा सगळे पोट धरून हसले. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "गाडीला बरं हाय. तिला वर्नं दुसरा रंग देता येतो."

अप्पा उठून आत गेले.

* * *

ढेकणांचा किस्सा लहान आहे. उन्हाळ्यात ओळीत ढेकूण झाले. गाद्या उन्हात टाकल्या, खाटा आपटल्या, काही उपयोग नाही. अक्कानं लिंबाचं तेल रॉकेलमध्ये मिसळून स्वतःच्या खाटेच्या सांध्यांत सोडलं. मग रझियाआपानं सोडलं. दोन्ही घरं निवांत झोपायला लागली.

आमच्या घरी मात्र ढेकूण दुप्पट झाले. मी बायकोला विचारलं, "हे एवढे आले कुठून?"

"बदली झाली त्यांची," ती म्हणाली. "विनंतीवरून!"

* * *

रझियाआपाच्या अम्मी नांदेडहून आणलेल्या होत्या. अंथरुणाला खिळलेल्या. कधी मुलीला ओळखायच्या, कधी नाही. स्वच्छतेच्या फार भोक्त्या, असं आपा सांगायची. नांदेडला असताना दर जुम्म्याला नहाणं, धुतलेले कपडे, कानात अत्तराचा फाया. आता घरात पाण्याचा एक हंडा आणि तोही सगळ्यांत मिळून.

एका सकाळी अक्कानं युक्ती सांगितली. तांब्याभर कोमट पाणी, चमचाभर खोबरेल, त्यात संत्र्याच्या तेलाचा एखादा थेंब, आणि मऊ फडकं. आपानं त्या तांब्याभर पाण्यात अम्मींचं सगळं अंग पुसून काढलं. धुतलेलं पातळ ओढणीसारखं डोक्यावरून दिलं. खोली वासानं भरली.

अम्मींनी डोळे उघडले. बराच वेळ वास घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "बेटी, आज ईद है क्या?"

ईदला अजून अवकाश होता. आपानं दाराशी उभ्या असलेल्या अक्काकडे पाहिलं.

"हाँ अम्मी," ती म्हणाली. "ईद है."

त्या दिवशी तिनं शेवया केल्या. दूध फारच थोडं होतं, म्हणून सगळ्या ओळीला चमचा चमचा आला. त्या दुष्काळात मी खाल्लेली सगळ्यांत गोड वस्तू तीच. कुणी कशाबद्दल आहेत असं विचारलं नाही.

* * *

आता शेवटचा. हा थोडा लांब आहे, पण मधे उठू नका.

भर उन्हाळ्यात टँकर आणखी विरळ झाला. नळी गार करायला बादलीभर पाणी मागायची अक्काला लाज वाटायला लागली. तिनं कुकर बंद केला आणि कागदी लिंबाच्या साली ताटलीवर नुसत्या पिळून तेल काढायला सुरुवात केली. हिरवट, झणझणीत तेल. हे फरशीला आणि खाटांना चालेल, पण अंगाला लावून उन्हात जायचं नाही, असं नागपूरच्या बाईंनी सांगून ठेवलेलं होतं. म्हणून अक्कानं त्याची बाटली वेगळी, देवाच्या फळीवर, वर ठेवली होती. तिथं कुणाचा हात जात नाही, असा तिचा अंदाज. अप्पांचा देवाच्या फळीशी संबंध फारसा नव्हताच.

अप्पांच्या गळ्यात लिंग होतं, पण कपाळ कायम मोकळं. विभूती लावायचा त्यांना कंटाळा. "भक्ती आत पाहिजे," असं ते म्हणायचे. "आतलं मला दिसत न्हाई," असं अव्वा म्हणायच्या. हा वाद मायलेकांत अप्पांच्या लहानपणापासून चाललेला होता.

आणि एक दिवस निरोप आला, की अव्वा स्वतः बसनं येत आहेत. सुनेला घेऊन जायला. मागून आडतीचा ट्रक माल घेऊन लातूरला येणार होता. परतताना रिकाम्या ट्रकमधून अक्का आणि तिचं सामान जाणार. अप्पांनी बदली झाल्यावर यावं. उदगीरच्या घरात तेलाचा कारभार चालणार नाही, असंही बजावून सांगितलं होतं. पोत्यांतल्या धान्याला वास लागतो.

माझ्या बायकोनं विचारलं, "तुम्ही भावजींना सांगत का नाही, मला जायचं नाही म्हणून?"

"सांगितलं की," अक्का म्हणाली. "ते म्हणाले, बघू."

अव्वा येणार त्या सकाळी अक्का टँकरच्या रांगेत होती. अप्पांना एकदम सुचलं, की आईसमोर मोकळं कपाळ बरं दिसणार नाही. त्यांनी फळीवरची विभूती काढली. ती कोरडी कपाळावर टिकेना. भिजवायला पाणी शोधलं, तर हंड्यात पिण्यापुरतं. फळीवर एक बाटली दिसली. वासही देवाला शोभेल असा. अप्पांनी तीन बोटं त्या तेलात बुडवली, विभूतीत फिरवली आणि कपाळावर आडवे तीन जाड पट्टे ओढले. आरशात स्वतःकडे बघून समाधान पावले आणि स्टँडवर गेले.

बस वाटेत बंद पडली होती. सावलीतल्या जागा भरलेल्या. अप्पा आईची वाट बघत टळटळीत दुपारपर्यंत उन्हात उभे राहिले. लातूरचं वैशाखातलं ऊन. आणखी काही सांगायला नको.

अव्वा उतरल्या. बारीक चणीच्या, पण आवाज आडतीतला. मुलाच्या कपाळाकडे त्यांनी नीट पाहिलं. "माझ्यासाठी लावलंस," म्हणाल्या. "मी गेले की पुसशील."

अप्पांनी रात्री कपाळ पुसलं. सकाळी त्या जागी लाल पट्टे होते. दुसऱ्या दिवशी फोड आले. अप्पा कण्हायला लागले. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, की पिळलेल्या लिंबाचं तेल आणि ऊन एकत्र आलं की कातडी भाजते. फोड बरे होतील. डाग मात्र काही महिने राहतील.

तसंच झालं. फोड सुकले आणि अप्पांच्या कपाळावर आडव्या तीन काळ्याभोर रेषा उमटल्या. आखून काढल्यासारख्या!

ट्रकला उशीर झाला म्हणून अव्वा तोवर इथंच होत्या. नुसत्या बघत होत्या. अप्पा ऑफिसात गेले की रेकॉर्डला आलेले लोक आधी हात जोडायचे, मग नक्कल मागायचे. बेलाची पानं विकणारी बाई त्यांना बघून टोपली खाली ठेवायची. साहेब एरवी त्यांना "अहो काशिनाथ" म्हणायचे, ते "या अप्पाजी" म्हणायला लागले.

घरी मात्र अप्पांचा तोल सुटला. आयुष्यात पहिल्यांदाच ते बायकोवर ओरडले. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू आलं. "तुझ्या तेलापायी मला तोंड दाखवायची सोय राहिली न्हाई!"

"माझ्या तेलापायी न्हाई," अक्काचा आवाज आला. "तुमच्या अव्वापायी!"

अव्वा त्याच खोलीत बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. अक्कानं पहाटेपासून सामान बांधलं होतं. ट्रंक वर चढली, वळकटी चढली. कुकर आणि तांब्याची नळी तिनं रझियाआपाला दिली. "नळी आतून पुसून ठेवत जा, आपा. हिरवी पडते." उरलेल्या बाटल्या माझ्या बायकोकडे दिल्या. सगळी ओळ बाहेर उभी होती. अक्का दाराची कडी लावायला गेली. कडी दोनदा उघडली, दोनदा लावली.

अप्पा निरोपाला आईच्या पाया पडले. अव्वांनी त्यांना उठवलं. पदराचं टोक जिभेला लावून ओलं केलं आणि त्यांचं कपाळ घासलं. रेषा गेल्या नाहीत. पुन्हा घासलं, चांगलं जोर लावून. अप्पा "आई गं" म्हणाले. रेषा तशाच.

अव्वांनी मान वळवली. "महादेवी, इकडं ये. कशानं झालं म्हणालीस हे?"

"पिळलेल्या लिंबाच्या तेलानं, अव्वा."

"कुठं हाय?"

अक्कानं माझ्या बायकोच्या हातातल्या बाटल्यांपैकी ती हिरवट बाटली दाखवली. अव्वांनी ती घेतली, बूच काढून वास घेतला, बूच घट्ट बसवलं आणि बाटली कमरेच्या पिशवीत घातली. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "ती ट्रंक खाली घे."

ड्रायव्हरला समजेना. अप्पांनाही समजेना. ट्रंक खाली आली, वळकटी खाली आली. अव्वा एकट्याच पुढं जाऊन बसल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

अक्का ट्रकच्या दाराशी धावली. "अव्वा, अन् मी?"

अव्वांनी खिडकीतून खाली पाहिलं.

"तू तिकडं आलीस तर हे तेल काढणार कोण? माझ्या घरात वास चालत न्हाई. अन् धाकट्याचं कपाळ अजून कोरंच हाय!"